देवळालीच्या छावणीतून निघालेली वंशावळ

बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचं शीर्षकगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते दुसऱ्या महायुद्धातलंच वाटतं. हिटलरला दटावणारे शब्द, त्या काळची चाल आणि युद्धाच्या वर्षांत ब्रिटनभर गाजलेल्या बड फ्लॅनगनचा आवाज. प्रत्यक्षात हे गाणं १९६८ मध्ये खास या मालिकेसाठी बांधलं गेलं. शब्द जिमी पेरी यांचे, चाल पेरी आणि डेरेक टॅव्हर्नर या दोघांची. हे दोघं एकत्र होते ते नाशिकजवळच्या देवळाली छावणीत, ब्रिटिश सैन्याच्या करमणूक पथकात. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका काल्पनिक गावातल्या होमगार्डची ही मालिका, पण तिचा पहिला सूरच देवळालीत जुळलेल्या मैत्रीतून आलेला आहे.

विनोदी मालिकांचे स्पिन-ऑफ शोधताना आपण पात्राचं नाव धरून चालतो. ‘मॅन अबाउट द हाउस’मधले घरमालक जॉर्ज आणि मिल्ड्रेड १९७६ मध्ये स्वतःच्या मालिकेत गेले, वर्षभरात त्याच मालिकेतल्या रॉबिननेही ‘रॉबिन्स नेस्ट’ थाटलं. ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’मधून ‘द ग्रीन ग्रीन ग्रास’ निघाली. ही नाती उघड आहेत. पेरी आणि त्यांचे सहलेखक-निर्माते डेव्हिड क्रॉफ्ट यांच्या मालिका पुन्हा पाहताना मात्र दुसऱ्याच प्रकारचं नातं दिसतं. एकही पात्र एका मालिकेतून दुसरीत जात नाही, तरी त्या सख्खी भावंडं आहेत, कारण त्या एकाच माणसाच्या आयुष्यातून निघाल्या आहेत.

पेरी यांचा जन्म १९२३ चा. युद्ध सुरू झालं तेव्हा ते शाळकरी वयाचे होते आणि वॉटफर्डच्या होमगार्ड या नागरी स्वयंसेवक दलात भरती झाले. आईला मुलाची सतत काळजी. ‘डॅड्स आर्मी’त आईने मफलर गुंडाळून पाठवलेला फ्रँक पाइक दिसतो, तो तिथून आला. पुढे तोफखान्यात भरती होऊन ते हिंदुस्थानात आले आणि देवळालीत सैनिकांसाठी नाटुकली आणि गाणी सादर करणाऱ्या पथकात दाखल झाले. युद्धानंतर त्यांनी ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत अभिनयाचं शिक्षण घेतलं, उन्हाळ्यात बटलिन्सच्या सुट्टी-छावण्यांत रेडकोट म्हणून पाहुण्यांची करमणूक केली आणि मग वॉटफर्डचं पॅलेस थिएटर बरीच वर्षं चालवलं.

१९६७ मध्ये क्रॉफ्ट यांच्या एका मालिकेत त्यांना छोटी भूमिका मिळाली. त्याच सुमारास बकिंगहॅम राजवाड्यासमोर पहारा बदलताना पाहून त्यांना आपले होमगार्डचे दिवस आठवले होते. लिहून ठेवलेली संहिता त्यांनी क्रॉफ्ट यांच्या हाती दिली. तिचं नाव होतं ‘द फायटिंग टायगर्स’. ‘डॅड्स आर्मी’ हे नाव बीबीसीच्या विनोदी विभागाचे प्रमुख मायकल मिल्स यांनी सुचवलं. काळाबाजारवाला वॉकर स्वतः करावा अशी पेरींची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच ते पूर्णवेळ लेखक झाले.

मालिका ३१ जुलै १९६८ रोजी सुरू झाली आणि १९७७ पर्यंत ८० भाग चालली. तिचं सगळं बळ एका अदलाबदलीत आहे. कॅप्टन मॅनरिंग बँकेचा व्यवस्थापक, कष्टाने वर आलेला. सार्जंट विल्सन बँकेत आणि पलटणीत त्याच्या हाताखालचा, पण घराणं, शाळा आणि बोलणं सगळं वरच्या थरातलं. सवयीप्रमाणे आर्थर लो सार्जंट आणि जॉन ले मेझरर अधिकारी व्हायला हवे होते. पेरी-क्रॉफ्ट यांनी ते उलटं केलं: लो मॅनरिंग झाले, ले मेझरर विल्सन. विल्सनने अगदी मऊ आवाजात ‘हे शहाणपणाचं आहे का, सर?’ अशा अर्थाचं विचारलं की मॅनरिंगचा सगळा जन्म त्याच्या चेहऱ्यावर येतो. अधिकार एकाकडे आणि रुबाब दुसऱ्याकडे, ही रचना या घराण्याचं रक्त आहे.

देवळाली पडद्यावर आली ती जानेवारी १९७४ मध्ये, ‘इट एन्ट हाफ हॉट मम’मधून. काळ १९४५. जर्मनी शरण आलेली आहे, पण पूर्वेकडचं युद्ध चालू आहे, आणि छावणीतलं करमणूक पथक आपल्याला पुढे पाठवू नये म्हणून धडपडतं आहे. सार्जंट मेजर विल्यम्स (विंडसर डेव्हिस) त्यांना ब्रह्मदेशच्या जंगलात धाडायला टपलेला. विद्यापीठात शिकलेला गनर ग्रॅहम त्याच्या हाताखाली पियानो वाजवतो. पुन्हा तीच अदलाबदल. मालिकेचं चित्रीकरण हिंदुस्थानात झालं नाही. देवळाली इंग्लंडमध्येच उभारली गेली. पुढच्या भागांत पथक ब्रह्मदेशात जातं आणि १९८१ मध्ये मालिका संपते.

नाशिककर वाचकाला ही मालिका आज पाहताना बोचेल, आणि ते बोचणं रास्त आहे. बेअरर रंगी रामची भूमिका मायकल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली. बेट्स झाशीत जन्मलेले, हिंदुस्थानी बोलणारे, युद्धात गुरखा पलटणीत लढलेले. पेरी या निवडीचं समर्थन शेवटपर्यंत करत राहिले. मला ते पटत नाही. त्याच मालिकेत ढाक्यात जन्मलेले दिनो शफीक चहावाला मुहम्मद आणि बाबर भट्टी पंखेवाला रमझान होते, दोघंही उत्तम. म्हणजे उपखंडातले नट मिळत होते. मोठी भूमिका मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. बीबीसीने ही मालिका पुनःप्रसारणाबाहेर ठेवली, याचं पेरींना दुःख होतं. तरी ती पुसून टाकावी असं मी म्हणणार नाही. रंगी राम प्रेक्षकाकडे वळून साहेबांविषयी बोलतो, पायाने दोरी ओढणारा रमझान दाराबाहेरून नेमकं वर्मावर बोट ठेवतो. साम्राज्याची शेवटची वर्षं एका साध्या गनरला कशी दिसली, याची ही नोंद आहे, तिच्या सगळ्या आंधळेपणासकट.

याच छावणीतला कॅप्टन अ‍ॅशवूड म्हणजे मायकल नोल्स. वंशावळीतली पुढची गाठ त्यांच्यापाशी पडते. हॅरॉल्ड स्नोड यांच्याबरोबर त्यांनी ‘डॅड्स आर्मी’ नभोवाणीसाठी रूपांतरित केली होती. मग दोघांनी तिचा पात्रांच्या नावांसकट खराखुरा स्पिन-ऑफ लिहिला, ‘इट स्टिक्स आउट हाफ अ माइल’. युद्ध संपून काही वर्षं झाली आहेत, मॅनरिंगला समुद्रात गेलेला एक मोडकळीला आलेला धक्का विकत घ्यायचा आहे, आणि कर्ज मागायला तो जातो तेव्हा बँकेच्या खुर्चीत विल्सन बसलेला आहे. इतकी नेमकी कल्पना! पहिला भाग ध्वनिमुद्रित झाला आणि एप्रिल १९८२ मध्ये आर्थर लो गेले. कथा बदलून ‘डॅड्स आर्मी’तल्याच पाइक आणि हॉजेस यांना कर्जदार केलं गेलं. प्रसारण नुकतंच सुरू झालं आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ले मेझररही गेले. जे भाग झाले ते मी प्रेमाने ऐकतो, पण मॅनरिंग नसल्यावर विल्सनच्या मऊ टोमण्यांना धार लावायला दगडच उरत नाही. कायदेशीर वारस हाच, पण घराण्याचं रक्त त्याच्यात पातळ झालेलं आहे.

ते रक्त उतरलं पेरी-क्रॉफ्ट यांच्या ‘हाय-डी-हाय’मध्ये. पेरींचे रेडकोट इथे यलोकोट झाले. १९५९ मधली मॅप्लिन्स ही सुट्टी-छावणी, करमणूक व्यवस्थापक म्हणून आलेला केंब्रिजचा प्राध्यापक जेफ्री फेअरब्रदर, आणि ती जागा आपल्याला मिळेल अशी आस लावून बसलेला जुना विनोदी नट टेड बोव्हिस. बाजू पुन्हा फिरली आहे, ताण मात्र ओळखीचा. १९९० च्या दशकातली ‘यू रँग, मिलॉर्ड?’ पेरींच्या बटलर असलेल्या आजोबांपर्यंत मागे जाते. तिचं हंगेरीत अपार कौतुक झालं.

या मालिका पुन्हा पाहायच्या असतील तर प्रसारणाच्या क्रमाने पाहू नयेत, कथेतल्या काळाप्रमाणे पाहाव्यात: आधी १९२७ ची ‘यू रँग, मिलॉर्ड?’, मग ‘डॅड्स आर्मी’, मग देवळाली, मग १९५९ ची छावणी. पहिलीत डोनाल्ड ह्यूलेट आणि मायकल नोल्स लंडनच्या हवेलीतले मेल्ड्रम बंधू आहेत, आणि तळघरातले नोकर त्यांच्यामागे त्यांचा हिशेब मांडत असतात. तिसरीत तेच दोघं कर्नल आणि कॅप्टन होऊन देवळालीत जेवणाच्या टेबलावर बसलेले दिसतात. आता त्यांना वाढणारा रंगी राम आहे, आणि हिशेब तो मांडतो.