अखंड धाव आणि उत्सवाचा वेष

गतवर्षी कार्तिकातील जत्रेस फोंडे महालातील एका देवस्थानी जाण्याचा योग आला. पालखीस अवकाश होता, म्हणून अग्रशाळेच्या ओसरीवर टेकलो. शेजारी नात्यातला एक दहा वर्षांचा मुलगा हातातल्या यंत्रात मग्न होता. त्याच्या पडद्यावर एक मनुष्य प्राचीन मंदिरातून पळत सुटला होता व मागे अक्राळविक्राळ वानरे लागली होती. दर दोन-तीन मिनिटांनी तो मनुष्य दरीत कोसळे आणि मुलगा तत्क्षणी नवा डाव मांडी. "हा पळतो कशासाठी?" असे विचारता तो मान वर न करता म्हणाला, "आजोबा, त्याने देवळातली सोन्याची मूर्ती चोरली आहे."

या उत्तराने मनास जो चटका बसला, त्यातून प्रस्तुत लेखाचा उगम झाला.

या जातीच्या खेळांस 'अखंड धावेचे खेळ' म्हणता येईल. पूर्वीच्या चित्रखेळांना बहुधा शेवट असे. राक्षस मारला, राजकन्या सुटली की खेळ आटोपला. अखंड धावेत गंतव्यस्थानच नाही. 2009 साली अ‍ॅडम सॉल्ट्समन या अमेरिकन रचनाकाराने 'कॅनाबाल्ट' नावाचा खेळ अवघ्या काही दिवसांत सिद्ध केला. कोसळत्या नगरीच्या गच्च्यांवरून एक मनुष्य धावतो आणि खेळणाऱ्याने एकच कळ दाबून त्यास उडी मारावयास लावावयाचे, एवढाच तो व्यापार. परंतु या प्रकाराच्या प्रसाराचे बरेचसे श्रेय त्यालाच दिले जाते. 2012 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने तो आपल्या संग्रहात समाविष्ट केला.

मुलाच्या हातातील खेळाचे नाव 'टेंपल रन'. कीथ शेफर्ड व नतालिया लक्यानोवा या दांपत्याच्या छोट्याशा संस्थेने तो 4 ऑगस्ट 2011 रोजी प्रसिद्ध केला. प्रथम त्यास अल्प मूल्य होते. पुढे तो विनामूल्य झाला आणि जगभर पसरला. जानेवारी 2013 मध्ये निघालेली त्याची दुसरी आवृत्ती पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे 5 कोटी वेळा उतरवून घेतली गेली.

या वेडाचे मर्म कशात आहे? नियम शिकवावे लागत नाहीत. बोट डावीकडे, उजवीकडे, वर वा खाली फिरविले की झाले. वेग हळूहळू वाढतो, म्हणून पराभव अटळ. पण तो प्रत्येक वेळी आपल्याच क्षणिक चुकीने झाला असे वाटते. 'आणखी एकदा' हा मोह तेथूनच जन्मतो. शिवाय नव्या डावास क्षणही लागत नसल्यामुळे विवेकास बोलावयास उसंत मिळत नाही.

तथापि एकच वाट किती दिवस गोड लागणार? म्हणून खेळकर्त्यांनी उत्सवांचा आश्रय घेतला. 'टेंपल रन'च्या दुसऱ्या आवृत्तीत पुढील काळात हिवाळ्याचे बर्फ आले आणि आपल्या होळीचे रंगही आले. 2014 साली गूगलच्या क्रोम या जालदर्शकात, जोडणी तुटली असता दिसणारा जो डायनोसॉर अवतरला, त्याच्याही वाटेवर 2018 च्या सप्टेंबरात, क्रोमच्या दशवर्षपूर्तीनिमित्त, वाढदिवसाचा केक मांडला गेला. तो खाताच त्याच्या मस्तकी टोपी चढे. त्या सुमारास हा खेळ दरमहा सुमारे 27 कोटी वेळा खेळला जात होता. त्याच्या कर्त्यांनी त्याची मर्यादा 1 कोटी 70 लाख वर्षांची ठेवल्याचे सांगितले आहे. म्हणजे शेवट आहे, पण कोणा मानवास तो दिसावयाचा नाही!

मूर्ती तीच, मखर निराळे, अशी ही योजना. ती आपणांस परकी वाटू नये. आपल्या देवळांतही गाभारा तोच राहतो आणि तिथीप्रमाणे आरास पालटते. मग भेद कोणता? माझ्या मते भेद विसर्जनाचा आहे. आपल्या उत्सवास आरंभ आहे तसा समारोपही आहे. चतुर्थीचा गणपती पाण्यात जातो, पालखी फिरून देवळात येते, दिवे मालवतात व मनुष्य तृप्त होऊन घरी परततो. अखंड धावेचा उत्सव मात्र संपण्यासाठी मांडलेलाच नाही. उलट, विसरू पाहणाऱ्यास पुन्हा धावेत ओढणे हाही त्याचा एक हेतू असतो. उत्सवाचा वेष आहे, पण उत्सवातील निरोप नाही.

दुसरा भेद आम्हां गोमंतकीयांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. मूर्ती घेऊन धावणे हा आमच्या इतिहासातील एक खरा प्रसंग आहे. पोर्तुगीज अमलात साष्टीतील देवळांवर संकट ओढवले, तेव्हा 1560 साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, जुवारी नदीपलीकडे प्रियोळास नेण्यात आले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. त्या भक्तांच्याही पाठीशी भय होते. परंतु ती धाव चोराची नव्हती आणि ती अखंडही नव्हती. नदीपलीकडे तिला ठाव मिळाला; तेथे देव बसले आणि आज आपण त्याच दारी जत्रेस जातो.

हे सारे मी त्या मुलास थोडक्यात सांगितले. तो ऐकत होता. काही वेळाने मी विचारले, "मग तुझा हा गडी ती मूर्ती परत देवळात का नेऊन ठेवीत नाही?"

तो क्षणभर विचारात पडला. "तशी सोयच नाही यात," तो म्हणाला.

मुलांच्या हातून खेळ हिरावून घ्यावेत, असे माझे म्हणणे नाही. आम्हीही आमच्या काळी सोंगट्यांपायी जेवणे विसरलो आहोत. पण ज्या घरातील मुलास देव नदीपार कसे आले हे ठाऊक नाही आणि मूर्ती चोरून पळणारा मात्र मुखोद्गत आहे, त्या घरात न्यून खेळाचे नव्हे, कथा सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचे आहे. तेवढ्यात आत ताशा वाजू लागला आणि पालखी निघाली. मुलाने यंत्र खिशात घातले व मला हात देऊन उठविले.