भिलाईची भट्टी आणि कॅम्पातला दिवा

हावड्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, रायपूर मागे पडल्यानंतर आणि दुर्ग येण्यापूर्वी, ‘भिलाई पॉवर हाऊस’ या नावाचे एक लहानसे स्थानक लागते. एखाद्या स्थानकास देवतेचे, राजाचे किंवा जुन्या गावाचे नाव असावे हे आपल्या परिचयाचे आहे. वीजघराचे नाव असणे मात्र विरळा. या स्थानकाच्या एका अंगास पोलाद कारखान्याच्या सेक्टरांची आखीव नगरी आहे. दुसऱ्या अंगास कॅम्प-१ आणि कॅम्प-२ या वस्त्या आहेत. कारखाना उभारण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या कामगारांचे जे तळ पडले त्यांतून या वस्त्या वाढल्या. तात्पुरता म्हणून पडलेला तळ कायमचा झाला, आणि त्याचे ‘कॅम्प’ हे नाव मात्र तसेच राहिले. लोखंडाची महाकाय भट्टी आणि कामगाराच्या खोलीतला दिवा इतक्या जवळ नांदत असलेले हे ठिकाण विजेच्या अर्थकारणाचा एक जुना प्रश्न समजून घेण्यास फार उपयोगी आहे. विजेचा भरवसा किती असावा, आणि त्याची किंमत कोणी द्यावी, हाच तो प्रश्न होय.

भिलाईचा मराठी श्रोत्यांशी असलेला संबंध पुष्कळदा विस्मृतीत जातो. कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, त्या वेळी भिलाई ज्या मध्यप्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. विदर्भ आणि छत्तीसगड एकाच राज्याचे घटक होते, आणि पंडित रविशंकर शुक्ल हे त्या राज्याचे मुख्यमंत्री होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा राज्याचा नकाशा पार बदलून गेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला. त्याबरोबर नागपूरजवळचे खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्रही गेले. भिलाई आणि कोरब्याचा कोळसा मध्यप्रदेशाकडे राहिला. राज्याची सीमा एका रात्रीत हलविता येते. वीजवाहिन्यांचे जाळे मात्र नव्या सीमेप्रमाणे विणण्यास वर्षे लागतात.

झोतभट्टीस लागणारी वीज आणि घरास लागणारी वीज एकाच तारेतून येऊ शकते, परंतु दोघांची निकड सारखी नसते. घरातला दिवा तासभर गेला तर मुलाचा अभ्यास खोळंबतो, पंखा थांबतो, गैरसोय होते. भट्टीस हवा पुरविणारे झोतयंत्र आणि तिला थंड ठेवणारे पाण्याचे पंप थांबले, तर कोट्यवधींची सामग्री नासते आणि माणसांच्या जिवासही धोका पोचतो. म्हणून भिलाईच्या कारखान्याने भट्टीतून निघणाऱ्या वायूवर चालणारे स्वतःचे वीजघर बाळगले, आणि त्याच्या जोडीस दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कोरब्याच्या कोळशावर तयार होणारी वीज भिलाईस आणण्याची व्यवस्था झाली. एक मार्ग बंद पडला तरी दुसरा चालू राहावा, हे तिच्यामागील सूत्र होते. वीज अभियंते आजही जाळ्याची आखणी याच सूत्राने करतात: कोणतीही एक वाहिनी किंवा एक रोहित्र निकामी झाले तरी उरलेल्यांनी सारा भार पेलला पाहिजे.

हे सूत्र ऐकण्यास सोपे आहे, पण त्याचा अर्थ असा की, नित्याच्या दिवशी जाळ्याचा काही भाग जणू रिकामाच उभा असतो. त्या रिकाम्या भागाचाही खर्च असतो. उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. एखादी वाहिनी व तिचे उपकेंद्र यांस १०० कोटी रुपये लागले असे समजू. कर्जाचे व्याज, घसारा, भांडवलावरील परतावा आणि देखभाल मिळून वर्षास १६ कोटी रुपये वसूल करावे लागतात असे धरू. त्या मार्गाने वर्षाला ८० कोटी युनिट वीज गेली, तर प्रत्येक युनिटावर २० पैसे पडतात. अपेक्षा चुकली आणि ४० कोटी युनिटच गेली, तर तोच भार ४० पैसे होतो. वीज कमी वापरली म्हणून तारेचे व्याज कमी होत नाही. उलटपक्षी, वाहिनी बांधलीच नाही आणि मागणी वाढली, तर अंधार पडतो, आणि त्या अंधाराची किंमत कोणत्याही बिलात छापलेली नसते. जाळ्याची आखणी करणाऱ्यास दहा-पंधरा वर्षांपुढचा अंदाज बांधून या दोन चुकांच्या मधून वाट काढावी लागते.

स्वतंत्र भारताने या कामासाठी १९४८ मध्ये वीज पुरवठ्याचा कायदा केला आणि राज्योराज्यी वीज मंडळे निर्माण करण्याची तरतूद केली. मंडळाने शक्यतो तोट्यात चालू नये, इतकीच अपेक्षा त्या कायद्यात होती. हा ‘शक्यतो’ शब्द पुढे फार महागात पडला. खेड्यापाड्यांत तारा पोचविणे हे राष्ट्रकार्य होते, आणि मंडळांनी ते केलेही. परंतु दर ठरविताना खर्चापेक्षा मतदाराकडे अधिक पाहिले गेले. शेतीपंपास नाममात्र दर, घरास कमी दर, आणि हा तोटा भरून काढण्यासाठी कारखान्यास चढा दर, अशी रीत पडली. तरीही तोटा उरला, तेव्हा काटछाट कोठे झाली? नव्या वीज केंद्राचे भूमिपूजन दिसते, जुन्या रोहित्राचे तेल बदललेले कोणास दिसत नाही. साहजिकच काटछाट जाळ्यात आणि देखभालीत झाली. १९८० मध्ये व्ही. जी. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशाच्या वीजव्यवसायाची तपासणी करून मंडळांचे हे दुखणे सविस्तर मांडले. पुढे १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मंडळांनी आपल्या स्थिर मालमत्तेवर निदान तीन टक्के शिल्लक दाखवावी असे बंधन घालण्यात आले. बहुतेक मंडळांच्या बाबतीत ते कागदावरच राहिले, आणि भारनियमन हा शब्द घरोघरी पोचला.

१९५६ मध्ये जे घडले त्याची पुनरावृत्ती १ नोव्हेंबर २००० रोजी झाली. छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची केंद्रे त्याच्या वाट्यास आली. मध्यप्रदेशास विजेची चणचण भासू लागली. २००३ च्या निवडणुकीत मध्यप्रदेशातील सत्ता पालटली, त्यात वीज आणि रस्ते यांविषयीच्या असंतोषाचा वाटा मोठा होता. स्वस्त दराने मिळालेली लोकप्रियता अंधारात टिकत नाही, हा धडा त्या निवडणुकीने दिला. त्याच वर्षी नवा वीज कायदा अमलात आला. छत्तीसगडात २००४ मध्ये वीज नियामक आयोग स्थापन झाला, आणि २००९ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या निराळ्या कंपन्या झाल्या. आता कंपनीने गुंतवणुकीची योजना आयोगापुढे ठेवावी, आयोगाने ती तपासावी, आणि मान्य झालेला खर्चच दरात धरावा, अशी पद्धत आली.

परंतु पद्धत बदलली तरी भट्टी आणि दिवा यांतील ताण सुटला नाही. कारखान्याकडून चढा दर घेऊन घराचा दर कमी ठेवण्याच्या रीतीस एक अंगभूत मर्यादा आहे. दर फार चढला की मोठा ग्राहक स्वतःचे वीजघर बांधतो. भिलाईच्या पोलाद कारखान्यास तर पहिल्यापासूनच अखंड विजेची गरज होती. २००९ मध्ये राष्ट्रीय औष्णिक वीज निगम आणि पोलाद प्राधिकरण यांच्या संयुक्त कंपनीचे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच भिलाईत सुरू झाले. नगरीतील सेक्टरांच्या वीज वितरणाचा परवानाही कारखान्याकडेच आहे. यात कारखान्याचा दोष काहीच नाही. भट्टी चालविणाऱ्याने भट्टीचा विचार करणे हे त्याचे कर्तव्यच होय. तथापि देशभर असे मोठे ग्राहक सार्वजनिक जाळ्यावरचा आपला भार जसजसा हलका करतात, तसतसा जाळ्याचा स्थिर खर्च मागे राहिलेल्यांच्या माथी येतो. आणि मागे राहतात ते कॅम्पातल्या खोल्यांतले, लहान दुकानांतले, पिठाच्या गिरणीतले ग्राहक, ज्यांना दुसरे वीजघर बांधता येत नाही.

याच्या उलट चूकही महाराष्ट्राने अनुभवली आहे. दाभोळच्या प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. वीज घेतली न घेतली तरी मोठी स्थिर रक्कम देण्याचे बंधन राज्य वीज मंडळाने पत्करले होते, आणि ती वीज इतकी महाग पडली की ती घेणेच परवडेना. भरवसा हवा म्हणून कोणत्याही किमतीस तो विकत घेऊ नये, हे दाभोळने शिकविले.

मग जाळ्यावर पैसा घालणे व्यर्थ आहे काय? ३० आणि ३१ जुलै २०१२ या दोन दिवसांनी याचे उत्तर दिले. ओढ वाढून बीना-ग्वाल्हेर वाहिनी सुटली आणि ३१ तारखेस उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे जाळे कोसळले. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात वीज नाहीशी झाली. पश्चिमेचे जाळे मात्र वेगळे होऊन उभे राहिले, आणि त्यात महाराष्ट्र व छत्तीसगड दोन्ही होते. १९५६ मध्ये राज्याच्या सीमेने दूर केलेले नागपूर आणि भिलाई त्या दिवशी एकाच जाळ्यात उजळत होते. अशा एका दिवसाचे मोल युनिटामागच्या पैशांत मोजता येत नाही. पण ते शून्य धरून केलेला हिशेबही खरा नसतो.

गरीब ग्राहकास सवलत द्यावी की नाही, हा वाद येथे नाही. ती द्यावीच लागते. छत्तीसगड शासनाने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांस ४०० युनिटांपर्यंत अर्धे बिल माफ करण्याची योजना आणली, आणि २०२५ मध्ये तिची मर्यादा खाली आणली. अशा योजनेवर मतभेद असू शकतात. तिचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. सवलतीचा पैसा शासनाच्या अंदाजपत्रकात दिसतो, आणि विधिमंडळास त्याचा जाब विचारता येतो. जी सवलत रोहित्राच्या देखभालीतून गुपचूप कापली जाते, तिचा जाब कोणासच विचारता येत नाही. ती पहिल्याच वादळी पावसात अंधार होऊन परत येते, आणि बहुधा ज्याच्यासाठी सवलत दिली त्याच्याच घरी येते.

नव्या कायद्याने दर ठरण्यापूर्वी सूचना आणि हरकती मांडण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास दिला आहे. दर वाढू नये, एवढेच म्हणण्यासाठी तो बहुधा वापरला जातो. ही वाहिनी कोणासाठी बांधली, तिच्यातून किती वीज गेली, तिच्या भाराचा वाटा कोणी उचलला, आणि ती न बांधता आमच्या भागातील जुने रोहित्र बदलले असते तर किती तास वीज अधिक मिळाली असती, हे प्रश्न त्या सभेत क्वचित ऐकू येतात. ते विचारण्यास अभियंता असावे लागत नाही. भट्टीस स्वतःची बाजू मांडणारे जाणते लोक नेहमीच मिळतात. कॅम्पातल्या दिव्याची बाजू त्या दिव्याखाली बसणाऱ्यानेच मांडावी लागते.