लिनक्स-संगणकाची आरंभकालीन नेटवर्क-जोडणी : एका जुन्या दोषाचा इतिहास

संगणक सुरू होतो, पडद्यावर सारे यथास्थित दिसते, परंतु नेटवर्काशी जोडणी मात्र आपोआप झालेली नसते. ती हाताने करून द्यावी लागते. लिनक्स वापरणाऱ्यांची ही तक्रार जुनीच आहे. तक्रारीचे शब्द तेच राहिल्यामुळे दोषही एकच असावा असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. कालखंड बदलला तसे दोषाचे मूळही बदलले, आणि जुन्या व्यवस्था पुसल्या न जाता आजच्या संगणकांत थरांप्रमाणे शिल्लक राहिल्या. दोष शोधणाऱ्यास या थरांची ओळख असणे अगत्याचे आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे १९९१ साली कर्नल प्रथम प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात नेटवर्काची सोयच नव्हती. ते काम पुढे रॉस बिरो, फ्रेड व्हॅन केंपेन आणि ॲलन कॉक्स यांच्या हातून क्रमाने झाले. त्या काळची रीत सरळ होती. संगणक सुरू होताना आज्ञांच्या काही फाइली ठरलेल्या क्रमाने वाचल्या जात. त्यांतील एकीत संगणकाचा पत्ता व्यवस्थापकाने स्वहस्ते लिहिलेला असे. स्लॅकवेअर या १९९३ साली निघालेल्या वितरणात ही परंपरा अद्यापि दिसते. डेबियनमध्ये अँथनी टाउन्स यांच्या ‘इफअपडाउन’ने त्या रीतीला ‘इंटरफेसेस’ या एका फाइलीचे नेटके रूप दिले. तीत जोडणीच्या नावाआधी ‘ऑटो’ हा शब्द असेल तर ती आरंभीच सुरू होई. नसेल तर बाकीचा मजकूर बिनचूक असूनही ती निपचित पडून राही. या एका शब्दाच्या अभावापायी किती जणांनी तारा बदलून पाहिल्या असतील, कोण जाणे!

या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती : जोडणी ही यंत्राची आहे. खांद्यावरच्या पिशवीतून फिरणारा संगणक आणि वाय-फाय आल्यावर हे गृहीत ढळले. रेड हॅटमध्ये २००४ साली सुरू झालेल्या ‘नेटवर्कमॅनेजर’ने जोडणी माणसाच्या स्वाधीन केली. वापरणारा आत शिरला, त्याने आपला परवलीचा शब्द दिला, की त्याच्या जुडग्यातून वाय-फायची किल्ली काढली जाई आणि मग जोडणी होई. घरोघरी हिंडणाऱ्या संगणकाला हे सोयीचे होते. कोपऱ्यात एकट्या चालणाऱ्या संगणकाला नव्हते. २००८ च्या ०.७ या आवृत्तीत सर्वांसाठी सामाईक अशा जोडण्या आल्या, आणि २०११ च्या ०.९ मध्ये सर्व जोडण्या एकाच सेवेच्या ताब्यात गेल्या. तरी जोडणी एकाच माणसापुरती ठेवण्याची व किल्ली त्याच्याच जुडग्यात ठेवण्याची मुभा कायम राहिली. आमच्या मते ‘सुरू होताना वाय-फाय जोडले जात नाही’ या तक्रारीचे एक मोठे कारण येथेच सापडते.

दुसरे स्थित्यंतर ‘सिस्टमडी’चे. लेनार्ट पोएटरिंग व काय सीव्हर्स यांनी २०१० साली पुढे आणलेल्या या व्यवस्थेत अनेक सेवा एकाच वेळी उठू लागल्या. आता ‘नेटवर्क तयार आहे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न टाळता येईना. ‘नेटवर्क’ नावाचा टप्पा गाठला म्हणजे जोडणी करणारे कार्यक्रम उठले, एवढेच. पत्ता मिळालाच असे नव्हे. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन’ हा निराळा टप्पा आहे. नावे जवळजवळ सारखी आणि अर्थ भिन्न, यामुळे पुष्कळ घोटाळा झाला. जोडणी काही क्षणांनी होतच असे, पण तिच्यावर विसंबलेली सेवा त्यापूर्वीच हात टेकून बसलेली असे. जानेवारी २०१३ मध्ये १९७ व्या आवृत्तीने जोडण्यांची नावेही बदलली. ‘ईटीएच०’ जाऊन ‘ईएनपी३एस०’ अशी, कार्ड कोणत्या जागी बसवले आहे हे सांगणारी नावे आली. जुन्या यंत्रावरची फाइल नव्या यंत्रावर उतरवून घेणाऱ्याची मग फसगत होई, कारण तीत लिहिलेल्या नावाची जोडणी तेथे अस्तित्वातच नसे.

थर एकमेकांवर कसे बसतात याचे उत्तम उदाहरण डेबियनचेच. ‘इंटरफेसेस’ फाइलीत एखाद्या जोडणीचा उल्लेख असेल, तर नेटवर्कमॅनेजर एरवी तिला हात लावत नाही. मग त्या फाइलीत ‘ऑटो’ नसल्यास तिला कोणीच वाली उरत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात एका वाचनालयातील संगणक होता. रात्री वीज जाऊन आली की तो स्वतः उठे. परंतु सकाळी कोणी येऊन परवलीचा शब्द देईपर्यंत दुरून त्याच्याशी संपर्क होत नसे. वाय-फायच्या यंत्रावर संशय घेण्यात दोन आठवडे गेले. अखेर ती जोडणी सर्व वापरकर्त्यांसाठी खुली केली व किल्ली एका माणसाच्या जुडग्यातून काढून यंत्राच्या फाइलीत ठेवली. ती तेथे उघड्या अक्षरांत असते, फक्त व्यवस्थापकालाच वाचता येते; ही किंमत ग्रंथपालांनी विचारपूर्वक मान्य केली. त्यानंतर वीज आली की संगणक कोणाची वाट न पाहता नेटवर्कावर येऊ लागला.