सरा रोग : परजीवीच्या संशोधनाचा इतिहास

घोडा, उंट, गाय, म्हैस, कुत्रा इ. प्राण्यांना ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या रक्तात राहणाऱ्या एककोशिक प्रजीवामुळे होणाऱ्या रोगास सरा म्हणतात. मधूनमधून येणारा ताप, रक्तक्षय, पायांवर व पोटाखाली येणारी सूज आणि वाढती क्षीणता ही त्याची प्रमुख लक्षणे होत. घोड्यांत उपचारांअभावी तो बहुधा प्राणघातक ठरतो. गाईम्हशींत मात्र पुष्कळदा सुप्त राहतो. सस्तन प्राण्यांत रोग उत्पन्न करणारा पहिला ट्रिपॅनोसोमा याच रोगात सापडला. रक्तात दिसणारा परजीवी रोगाचे कारण असतो की केवळ रोगाचा सोबती, हा त्या काळचा वादाचा प्रश्न होता व त्याचा उलगडा होण्यात सरा रोगावरील संशोधनाचा मोठा वाटा आहे.

पूर्वपीठिका : बेडकाच्या रक्तातील प्रजीवास ग्रूबी यांनी १८४३ मध्ये ट्रिपॅनोसोमा हे नाव दिले. १८७८ च्या सुमारास टिमथी लूइस (१८४१–८६) यांना कलकत्ता येथे उंदरांच्या रक्तात तसेच कशाभिकायुक्त (चाबकासारख्या अवयवाने हालचाल करणारे) जीव आढळले. हे उंदीर वरकरणी निरोगी होते. त्यामुळे रक्तातील असे जीव निरुपद्रवी असतात, अशी समजूत दृढ झाली.

एव्हान्स यांचा शोध : १८८० मध्ये लष्करातील पशुवैद्य ग्रिफिथ एव्हान्स (१८३५–१९३५) यांना पंजाबातील डेरा इस्माइलखान (आता पाकिस्तानात) येथे घोड्यांच्या व उंटांच्या साथीची तपासणी करण्यासाठी पाठविण्यात आले. आजारी जनावरांच्या रक्तात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जीव दिसले. केवळ निरीक्षणावर न थांबता त्यांनी असे रक्त निरोगी घोड्यांना व कुत्र्याला टोचले. त्यांच्याही रक्तात ते जीव आढळले. यावरून हा परजीवीच रोगकारक होय, असे प्रतिपादन त्यांनी केले आणि चावऱ्या माश्यांवर प्रसाराचा संशय व्यक्त केला. परंतु उंदरांतील अनुभवाच्या आधारे तत्कालीन तज्ञांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही. उंदरातील जाती व घोड्यातील जाती या दिसण्यात सारख्या असल्या, तरी परिणामांत भिन्न असू शकतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

जे. एच. स्टील यांना १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांत हाच जीव आढळला. त्यांनी त्याला सर्पिल सूक्ष्मजंतू मानून स्पायरोकीटा इव्हान्साय असे नाव दिले. वर्गीकरणातील ही चूक पुढे क्रूकशँक यांच्या निरीक्षणांनी दुरुस्त झाली. मात्र नावातील एव्हान्स यांचा उल्लेख कायम राहिला. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे स्टील हे पहिले प्राचार्य होत.

पुणे व मुक्तेश्वर : डिसेंबर १८८९ मध्ये पुण्यातील विज्ञान महाविद्यालयाच्या वास्तूत शासकीय सूक्ष्मजंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख ॲल्फ्रेड लिंगार्ड यांनी सरा रोगाचा विस्तृत अभ्यास केला व त्यावर आर्सेनिकाचा उपचार करून पाहिला. संसर्गजन्य पदार्थांवरील प्रयोगांसाठी वस्तीपासून दूर व थंड हवेची जागा आवश्यक वाटल्याने १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊँ भागातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था हे तिचेच पुढील रूप होय.

१८९५ मध्ये डेव्हिड ब्रूस (१८५५–१९३१) यांनी झुलूलँडमध्ये गुरांच्या नागाना रोगाचे कारण ट्रिपॅनोसोमा असून त्से-त्से माशी त्याचा प्रसार करते, असे दाखविले. त्यामुळे एव्हान्स यांच्या मतास बळकटी आली. लेनर्ड रॉजर्स यांनी मुक्तेश्वर येथील प्रयोगांवरून १९०१ मध्ये दाखवून दिले की, टॅबॅनस वंशातील माशी आजारी जनावरास चावून लगेच निरोगी जनावरास चावली, तर सरा रोगाचा प्रसार होतो. मध्ये पुरेसा अवधी गेल्यास होत नाही. म्हणजे ही माशी केवळ दूषित सोंडेने रोग वाहून नेते. तिच्या शरीरात परजीवीची वाढ होत नाही.

नंतरचे संशोधन : पुढे सुरामीन व १९४९ पासून क्विनापिरामीन ही औषधे उपलब्ध झाली. प्रतिबंधक लस मात्र तयार करता आलेली नाही. परजीवी आपल्या पृष्ठभागावरील ग्लायकोप्रथिन वारंवार बदलतो. त्यामुळे शरीराने एका रूपाविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे पुढच्या रूपावर निष्प्रभ ठरतात. तापाच्या पुनरावर्तनाचे कारणही हेच आहे.

हा रोग माणसास होत नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. २००४ मध्ये महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय आढळला. सुरामिनाने तो बरा झाला. मानवी रक्तातील ॲपोलिपोप्रथिन एल-१ हे प्रथिन एरव्ही या परजीवीचा नाश करते. जनुकीय उत्परिवर्तनांमुळे ते या रुग्णाच्या रक्तात नव्हते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एखादा परजीवी निरुपद्रवी आहे की रोगकारक, हे केवळ त्याच्या जातीवर नव्हे, तर आश्रयीच्या रक्तावरही अवलंबून असते, ही गोष्ट या उदाहरणाने स्पष्ट झाली.