फ्रान्सचा द्राक्षमळा आणि इंदूरचा उकिरडा

संत्र्यांच्या नागपुरात द्राक्षमळ्याचा इतिहास सांगावयाचा, म्हणजे श्रोत्यांना थोडे नवल वाटणारच. परंतु हा इतिहास मद्याचा कमी आणि मातीचा अधिक आहे; आणि त्याची एक वाट आपल्यासारख्याच काळ्या मातीतून जाते.

फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी सावेनियेर येथे ‘कूले द सेरां’ नावाचा सुमारे 7 हेक्टरांचा मळा आहे. सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी तो 1130 साली लावला. 1962 पासून तो जोली घराण्याकडे आहे. या घराण्यातील निकोला जोली यांनी प्रथम सल्लागाराचे ऐकून तणनाशक वापरले. थोड्याच काळात मातीचा रंग पालटला, किडे-पाखरे दिसेनाशी झाली, असे ते सांगतात. आठ शतके जिने वेली पोसल्या, ती भूमी आपल्या पिढीत थकावी, हे त्यांना सोसवले नाही. रसायने सोडून त्यांनी 1980 नंतरच्या दशकात सर्व मळा रुडॉल्फ स्टायनर यांच्या पद्धतीवर आणला.

स्टायनर हे ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक. जून 1924 मध्ये कोबेरविट्स या गावी (ते आज पोलंडमध्ये आहे) त्यांनी शेतीवर 8 व्याख्याने दिली. आठ व्याख्यानांतून एक शेतीपंथ उभा राहिला, ही गोष्ट व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे! शेत हा जिवंत देह होय, त्याचे अन्न त्यातच निपजावे, हे त्यांचे सूत्र. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरावे, वसंतात काढून पाण्यात तासभर ढवळून शिंपडावे, पेरणीला ग्रहताऱ्यांची वेळ पाहावी, हा त्यांचा विधी.

त्याच 1924 साली इंदूरला होळकर दरबारने दिलेल्या 300 एकर जमिनीवर कृषिसंशोधनाची एक संस्था उभी राहिली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेण, काडीकचरा, गोमूत्राची माती व राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, सुमारे 3 महिन्यांत उत्तम खत सिद्ध केले. टणक पऱ्हाट्या ते शेतातील रस्त्यावर पसरीत. गाड्यांच्या चाकांखाली त्या चुरल्या की खड्ड्यात जात. हा सारा प्रयोग दोघांनी 1931 च्या ग्रंथात मांडला, आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीच्या इतिहासात गाजले. वाड यांचे मात्र मराठी माणसालाही क्वचितच ठाऊक असते.

या दोन्ही प्रवाहांचा परस्परांशी संबंध नव्हता. तरी जमिनीचे घेतलेले जमिनीला परत करावे, हे दोघांनीही सांगितले. भेद आहे तो प्रमाणाचा. ग्रहताऱ्यांचा प्रभाव शास्त्राच्या कसोटीस उतरलेला नाही; इंदूरचे खत मात्र कोणीही करून पाहावे.

फ्रेंच मळ्याची कीर्ती ऐकून शिंगे पुरण्याची आपल्याला गरज नाही. मात्र धुऱ्यावर पऱ्हाटी पेटवताना विदर्भाच्या शेतकऱ्याने क्षणभर थांबावे. जळते ते वाडांनी दाखवून दिलेले खत होय. आणि मुलांच्या नावे सात-बारा करून देताना त्याखालची मातीही जिवंत द्यावयाची असते.