कुस्तीच्या कमाईतला वाटा

आम्ही बरकतपुऱ्यात राहणारी मराठी माणसे. ‘बरकत’ हा शब्द इथे मराठी आणि उर्दू दोन्ही घरांत सारखाच नांदतो. वाटणी न्यायाने झाली तरच पैशाला बरकत येते, असे थोरले सांगत.

८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कला मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांचे मुष्टियुद्ध झाले. प्रत्येकी २५ लाख डॉलर आधीच ठरले होते. फ्रेझर जिंकला, तरी अलीचा वाटा कमी झाला नाही. एकट्याने लढत होत नाही, हे त्यात मान्य होते.

आपल्याकडे जत्रेच्या फडात इनाम बहुधा विजेत्याचे. कुस्ती बरोबरीत सुटली तर निम्मे-निम्मे. पण फडाबाहेरच्या वाटेकऱ्याचे काय?

१९५२ साली हेलसिंकीला जायला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांपाशी पुरेसे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि त्या कमाईतून सरांचे घर सोडवून दिले.

हा वाटा कुठल्याही करारात लिहिलेला नव्हता. वाटणीचा हिशेब करताना तो आधी काढून ठेवावा, एवढेच सांगायचे.