दासगांव ते महाड : सावित्रीकांठची वाट



शिमग्याची धामधूम ओसरली आणि पळस फुलला, कीं कोंकणांत पायीं हिंडावें. अशा दिवसांत रायगड जिल्ह्यांतील दासगांवाहून महाडपर्यंतची सावित्रीकांठची सुमारें पांच मैलांची वाट इतिहासप्रेमी माणसानें अवश्य चालावी. विलायतेंत कालव्यांच्या कांठानें चालणारे घोडे दोरानें नावा ओढीत. आमच्या खाड्यांत तें काम भरतीनें केलें. महाबळेश्वरीं उगम पावून बाणकोटपाशीं सागरास मिळणारी सावित्री खालच्या टप्प्यांत खाडीच आहे. मोठीं गलबतें दासगांवास थांबत आणि लहान होड्या भरतीबरोबर महाडास जात.

या जलमार्गाचें महत्त्व इंग्रजांनीं लवकर ओळखलें. १७५६ च्या तहानें त्यांनीं पेशव्यांकडून मुखावरचें बाणकोट मिळविलें. पुढें १८०२ च्या ऑक्टोबरांत हडपसरच्या लढाईंत होळकरांनीं पराभव केल्यावर दुसरे बाजीराव पुणें सोडून महाडास आले. तेथून ते कोंकणकिनाऱ्यानें समुद्रमार्गें वसईस पोंचले आणि ३१ डिसेंबर रोजीं तेथें इंग्रजांशीं तह करून बसले.

परंतु ही वाट राजकारणाहून जुनी आहे. महाड जवळ येतां डोंगरांत गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं दिसतात. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील एका शिलालेखांत कानभोज विष्णुपालित या राजकुमाराचें दान नोंदलेलें आहे: लेणें, चैत्यगृह, आठ खोल्या, पाण्याचीं टांकीं, आणि लेण्याशीं जोडलेली वाट. पाणी आणि वाट यांचें दान पुण्यकर्म म्हणून दगडांत कोरावें, अशी ही भूमि!

त्याच भूमींत पुढें माणसांना पाणी नाकारलें गेलें. मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेनेंहि १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं सहस्रावधि अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केलें.

त्याच वर्षीं डिसेंबरांत दुसरी परिषद भरली. धरमतरवरून मोटारींनीं जावें तर विरोधकांकडून अडवणुकीचा संभव होता. तेव्हां बाबासाहेब व सुमारें दोनशें प्रतिनिधि २४ तारखेस मुंबईहून आगबोटीनें निघाले, हरिहरेश्वरावरून खाडींत शिरले आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं दासगांवास उतरले. तेथून मिरवणुकीनें ते पायीं महाडास गेले. सडकेनें जें दिलें नसतें तें नदीनें दिलें. त्या रात्रीं महाडांत मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्याचें पाणी मात्र न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाईमुळें त्या वेळीं घेतां आलें नाहीं. तो वाद मुंबई उच्च न्यायालयांत १७ मार्च १९३७ रोजीं अस्पृश्यांच्या बाजूनें संपला. पाण्याच्या एका ओंजळीसाठीं दहा वर्षें लागलीं.

मोटाररस्ता आला आणि दासगांव बंदराचें वैभव गेलें. आतां महामार्गावरील गाड्यांतून तें गांव केव्हां मागें पडलें हें कळतहि नाहीं. म्हणून सांगतों, एकदां तेथें उतरा, सकाळच्या उन्हांत नदीच्या बाजूनें चाला आणि गांधारपाल्याचीं टांकीं पाहून मगच चवदार तळ्याशीं जा. दोन्ही ठिकाणीं पाणीच आहे. एक कोणीं तरी दान म्हणून दिलेलें, दुसरें हक्क म्हणून मिळविलेलें.